न लिहिलेला एक

एक हा आकडा रसायनशास्त्रात लिहीत नाहीत. समीकरणात एखाद्या पदार्थाचे दोन रेणू लागत असतील तर त्याच्यापुढे दोन लिहायचे, तीन लागत असतील तर तीन. पण एकच लागत असेल तर ती जागा कोरी ठेवायची. कोरी जागा म्हणजे एक, हा संकेत. शाळेत तो कोणी मुद्दाम शिकवत नाही. पाहून पाहून अंगवळणी पडतो. मीही तो तसाच उचलला होता. त्यावर थांबून विचार करावा असे त्यात काही असेल, हे दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीपर्यंत माझ्या मनातही आले नव्हते.

यंदाचा फेब्रुवारी आता अर्ध्यावर आला आहे. सोलापुरात परीक्षांच्या दिवसांची चाहूल हवेच्या आधी झेरॉक्सच्या दुकानांना लागते. सात रस्त्याच्या आसपास प्रत्येक दुकानाच्या दारात अपेक्षित प्रश्नसंचांच्या माळा लोंबू लागतात, आणि हातात हॉलतिकीट धरलेली मुले स्वतःच्या फोटोकडे परक्या माणसाकडे पाहावे तशी पाहत उभी असतात. रसवंतीच्या चरकाला बांधलेले घुंगरू सकाळपासून वाजतात. ऊन अजून रागावलेले नसते, पण त्याने घसा खाकरलेला असतो. शेजारच्या इमारतीत कोणीतरी मुलगी दुपारभर एकच वाक्य घोकते आहे: ‘अभिकारकांचे एकूण वस्तुमान हे उत्पादितांच्या एकूण वस्तुमानाइतके असते.’ दर वेळी ‘इतके असते’पाशी तिचा सूर खाली येतो, जणू काही तिला ते फारसे पटलेले नाही.

माझ्या खोलीला लागून गच्चीवर आणखी एक खोली आहे. दोन्ही खोल्यांना मिळून एक नळ, एक मोरी आणि कपडे वाळत घालायची एक तार. त्या खोलीत आता तळमजल्यावरच्या दुकानदाराची खोकी ठेवली आहेत. तारेवर फक्त माझे कपडे असतात. पूर्वी जागा पुरत नसे. आता चिमटे उरतात.

दोन वर्षांपूर्वी मात्र त्या खोलीत महादेवीअक्का राहत होत्या, आणि त्यांचे विज्ञान राहिले होते.

‘विषय राहणे’ हा आपल्याकडचा मोठा मार्मिक शब्दप्रयोग आहे. माणूस नापास झाला असे आपण म्हणत नाही. त्याचा विषय राहिला म्हणतो. बाकीचे विषय ‘निघतात’, म्हणजे गाडीत बसून पुढे जातात, आणि एखादा फलाटावर राहतो. त्या हंगामात मीही तशीच राहिलेली होते. एम.एस्सी.पर्यंत आम्ही तिघी मैत्रिणी या खोलीत होतो. एकीला पुण्याच्या औषधांच्या कंपनीत नोकरी लागली, दुसरीचे लग्न ठरले. दोघींच्या गाद्या गेल्यावर फरशीवर दोन फिकट आयत उरले होते. मी संशोधनाच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करायचा म्हणून थांबले आणि दिवसा पाणी-माती तपासणाऱ्या एका खाजगी प्रयोगशाळेत काम धरले. तिथे बाटल्या येत. त्यांवर गावांची नावे असत, पाणी कोणत्या बोअरचे ते असे. आणणारा माणूस बाटली खिडकीतून आत सरकवून निघून जाई. मी पाण्याचा कठीणपणा मोजायचा, क्षार मोजायचे, आकडे भरायचे. काही दिवस असे जात की संध्याकाळी भाजीवालीशी बोलताना माझाच आवाज मला घोगरा लागे, आणि तेव्हा लक्षात येई की आज आपण पहिल्यांदाच तोंड उघडतो आहोत.

घरून रोज फोन येई. आमचे गाव उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी, जेऊर स्टेशनवर उतरून पुढे जावे लागते. वडील विचारत, ‘‘जेवलीस का?’’ मी म्हणे, ‘‘हो.’’ मी विचारी, ‘‘केळी कशी आहेत?’’ ते म्हणत, ‘‘चांगली हायत.’’ दोन्ही बाजू समान, समीकरण संतुलित. फक्त अभिक्रिया घडलेली नसे.

अक्कांशी तोवर माझा संबंध नळापुरता होता. पाणी आले की त्या दार वाजवून सांगत, संपत आले की मी त्यांना सांगे. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, अंग काटक, कपाळावर भस्माची बारीक रेघ. अक्कलकोटच्याही पलीकडच्या, कर्नाटकाला लागून असलेल्या एका गावच्या. घरची भाषा कानडी; मराठी सोलापुरात आल्यावर अंगावर चढलेली, तिला कानडीची किनार. नवरा कामासाठी पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. मूलबाळ नाही. आमच्या भागातल्या एका खाजगी बालवाडीत त्या मदतनीस होत्या: मुलांचे हात धुवायचे, नाके पुसायची, खिचडी शिजवायची, वाढायची.

एका रविवारी सकाळी पाण्याची वेळ नसताना त्यांनी दार वाजवले. हातात दहावीचे विज्ञानाचे पुस्तक होते, त्याला वर्तमानपत्राचे कव्हर.

‘‘मॅडम, तुमी सायन्सवाल्या न्हवं?’’

‘‘हो. का?’’

‘‘माझं सायन्स राहिलंय. बाकी समदं निघालं. मराठी निघालं, गणितबी निघालं. हे तेवढं बसलंय बगा वाटंत, म्हशीवाणी.’’

मग कळले की त्या दहावीला बाहेरून बसल्या होत्या. शाळेत नाव नाही, वर्ग नाही, गणवेश नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आणि बाहेरून बसायचे. मागच्या वर्षी सगळे विषय दिले, त्यांतला हा राहिला. आणि तो यंदा निघायलाच हवा होता, कारण त्यांच्या माहेरच्या गावी एका संस्थेने बालवाडी सुरू केली होती. शिकवायला बाई हवी होती. गावातलीच, कानडी-मराठी दोन्ही येणारी. अट एकच, दहावी पास. संस्थेच्या लोकांनी निकालापर्यंत जागा धरून ठेवायचे कबूल केले होते. त्यानंतर ते दुसरी कोणी बघणार होते.

‘‘हितं बी मीच शिकवती की,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘बाई आजारी पडल्या का गाणी म्हणून घेती, आकडं म्हणून घेती. पण पोरं काय म्हणतात? मावशी. किती बी शिकवा, मावशीच. मला बाई व्हायचंय.’’

शाळेच्या जगात ‘मावशी’ आणि ‘बाई’ या दोन शब्दांत केवढे अंतर असते, ते शाळेत गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे. मावशी नाक पुसते, बाई नाव विचारते. मला वाटते, त्या सकाळी मी होकार दिला तो या एका वाक्यामुळे. महत्त्वाकांक्षा मला ओळखता येते. ती माझ्याही घरी असते.

पहिल्याच दिवशी त्यांनी ती चूक केली जी प्रत्येक नवशिका करतो. मी गच्चीच्या फरशीवर खडूने लिहिले: H₂ + O₂ → H₂O. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी. बाणाच्या डावीकडे जेवढे अणू, तेवढेच उजवीकडे हवेत; काही नाहीसे होत नाही, काही नव्याने येत नाही. मोजा म्हटले. अक्कांनी बोट ठेवून मोजले, कानडीत. आकडे त्यांना कायम कानडीतच येत. ‘‘ओंदु, एरडु. हितं ऑक्सिजन एरडु. तिकडं ओंदु. एक कमी पडलालाय.’’ क्षणभर विचार करून त्यांनी खडू घेतला आणि पाण्याच्या सूत्रातल्या ऑक्सिजनच्या पायाशी एक छोटासा दोन लिहिला. H₂O₂. दोन्हीकडे दोन-दोन. चेहऱ्यावर समाधान.

‘‘अक्का, हे पाणी राहिलं नाही.’’

‘‘मग काय झालं?’’

‘‘हे जखम धुवायला वापरतात ते. फेस येतो ना, ते.’’

‘‘अय्यो!’’ त्यांनी खडू खाली टाकला. ‘‘तहानलेल्याला औषध पाजलं की मी!’’

मी नियम सांगितला. सूत्राच्या आत, अणूच्या पायाशी जो बारीक आकडा असतो, तो त्या पदार्थाचा स्वभाव आहे. त्याला हात लावला की पदार्थच बदलतो. बदल करायचा तो फक्त बाहेरून: पूर्ण सूत्राच्या पुढे, मोठ्या आकड्याने. हे किती, ते बदलता येते. हे काय, ते बदलता येत नाही.

‘‘बाहेरून,’’ अक्कांनी तो शब्द चघळला. मग हसल्या. ‘‘म्हंजे माझ्यावाणी. मीबी बाहेरूनच बसलीया.’’

दुसऱ्या दिवशी मी परडीत धान्य घेऊन आले. ज्वारीचे दाणे हायड्रोजन, चिंचोके ऑक्सिजन. दोन दाणे चिकटून एक जोडी, दोन चिंचोके चिकटून एक जोडी. ही निसर्गाची पुडी, फोडून विकत मिळत नाही. पाणी म्हणजे एक चिंचोका आणि त्याला बिलगलेले दोन दाणे. एक पाणी मांडून झाले की एक चिंचोका हातात उरतो. त्याला त्याच पाण्यात कोंबायचे नाही. त्याच्यासाठी दुसरे पाणी मांडायचे. मग दाणे कमी पडतात, म्हणून डावीकडे दाण्यांची आणखी एक जोडी आणायची. डावीकडे दाण्यांच्या दोन जोड्या आणि चिंचोक्यांची एक. उजवीकडे दोन पाणी. सुटले. उन्हात बसून आम्ही हे इतक्या वेळा मांडले की चिमण्या आमचा हायड्रोजन पळवू लागल्या.

‘‘वस्तुमान अक्षय्य हाय म्हणतीस आनि ह्या बया घेऊन चालल्या की,’’ अक्का म्हणाल्या. ‘मॅडम’ आणि ‘तुमी’ तोवर गळून पडले होते. मी शीतल झाले होते, आणि रागावल्यावर ‘ए शीतले’.

‘‘तो नियम बंद भांड्यासाठी असतो, अक्का. गच्चीला झाकण नाही.’’

हे मी विनोदाने म्हटले खरे, पण बोलता बोलता मला माझ्या खोलीतले दोन फिकट आयत आठवले. मैत्रिणी गेल्यावर मी स्वतःला हाच नियम सांगत असे: काही नाहीसे होत नाही, फक्त जागा बदलते. खरे आहे. विश्वाच्या हिशेबात त्या दोघी कुठेच गेल्या नव्हत्या. पण विश्वाच्या हिशेबाने संध्याकाळ जात नाही. माणसाचे भांडे सदैव उघडे असते, आणि त्यातून काय काय वाफ होऊन गेले ते तळ दिसेपर्यंत समजत नाही.

समीकरण जमू लागले तेव्हा अक्कांनी ते वहीत उतरवून घेतले, आणि मला त्यांची ती विचित्र सवय प्रथम दिसली. त्यांनी लिहिले होते: 2H₂ + 1O₂ → 2H₂O. ऑक्सिजनच्या पुढे एक ठळक, सरळ, काठीसारखा एक.

‘‘हा एक लिहायचा नसतो.’’

‘‘का?’’

‘‘संकेत आहे. काही लिहिलं नाही म्हणजे एकच समजायचं.’’

‘‘दोन असलं तर लिहायचं?’’

‘‘हो.’’

‘‘तीन?’’

‘‘हो.’’

‘‘आनि एक असलं तर कोरं?’’ त्या माझ्याकडे असे पाहत राहिल्या की जणू मी मापात खोट करते आहे. ‘‘वर्गात एकच पोरगं आलं. आलंय, बसलंय. हजेरीत कोरं सोडलं तर त्येला खिचडी कोण वाढणार?’’

मी खोडरबराने तो एक पुसला. पुढच्या समीकरणात तो पुन्हा आला. मी समजावून सांगितले की शास्त्राची भाषा काटकसरी असते. जे गृहीत धरता येते ते ती बोलत नाही. एक लिहिला तर तो चूक नाही, पण पेपर तपासणाऱ्याला वाटेल की या मुलीला पद्धत ठाऊक नाही, आणि तुम्हाला एकेका गुणाची गरज आहे. ‘मुलीला’ या शब्दावर त्या खुदकन हसल्या. एक मात्र लिहीतच राहिल्या. चुन्याचे समीकरण आले तेव्हा तर कहर झाला. कळीच्या चुन्यावर पाणी टाकले की तो भगभगतो, तापतो आणि विरतो: CaO + H₂O → Ca(OH)₂. इथे काहीच करावे लागत नाही; ते लिहितानाच संतुलित असते. अक्कांनी मोजले, पुन्हा मोजले, आणि लबाडी पकडल्यासारख्या म्हणाल्या, ‘‘हे तर आधीच बरोबर हाय की! मग माझं काय काम?’’ आणि काम हवे म्हणून तिन्ही सूत्रांपुढे एकेक एक लिहून टाकला. तीन काठ्या ओळीने उभ्या.

त्यांच्या लक्षात माझी चूल न पेटणेही याच दिवसांत आले. मी प्रयोगशाळेतून येताना काहीतरी खाऊन येत असे, नाहीतर चहात बुडवून पाव. कधी डबा.

‘‘भात का लावत न्हाईस?’’

‘‘एकटीसाठी कोण कुकर लावणार, अक्का?’’

‘‘वा गं वा! एक लिहायचाबी न्हाय, एकाला खायलाबी घालायचं न्हाय. चांगलं हाय तुमचं सायन्स!’’

त्या स्वतः रोज संध्याकाळी एकटीसाठी तवा तापवत. एकच भाकरी, पण तव्यावरून विस्तवावर जाऊन टम्म फुगलेली. वाटीत शेंगांची चटणी, तिच्यावर तेल. ताट मांडून, पाण्याचा तांब्या भरून, मांडी घालून बसत. पाहुणे येणार असल्यासारखी तयारी, आणि पाहुण्या त्याच. मला हे पाहताना अवघडल्यासारखे होई. वाटे, एकटे असण्याचा एवढा समारंभ कशासाठी? मी माझे एकटेपण उभ्या उभ्या, ओट्यापाशी, कागदावरून खाऊन संपवत होते. ते लवकर संपावे एवढाच हेतू. त्या आग्रह करीत तेव्हा मी बसे, अर्धी भाकरी घेई. मग त्या दुसरी थापत. पहिल्यांदा जेवायला बसले त्या दिवशी पिठाच्या परातीवर बोट नाचवत त्या म्हणाल्या होत्या, ‘‘आज एरडु.’’

परीक्षेच्या दिवशी मी प्रयोगशाळेतून सुटी घेतली. केंद्र रेल्वे लाइन्सच्या बाजूच्या एका शाळेत होते. फाटकाबाहेर पालकांची गर्दी, गळ्यात पाण्याच्या बाटल्या घातलेल्या मुली, शेवटच्या क्षणी उघडलेली पुस्तके. अक्का इस्त्रीची पांढरी-निळी साडी नेसून आल्या होत्या. मी काही म्हणायच्या आत म्हणाल्या, ‘‘गणवेश.’’ फाटकातून आत शिरताना शिपायाने हात आडवा घातला.

‘‘ओ मावशी, पालकांनी बाहेर थांबायचं. बाहेर.’’

एकाच वाक्यात ते दोन्ही शब्द. मी पुढे होणार होते. माझ्याजवळ उत्तर तयार होते, कडक आणि मुद्देसूद. पण अक्कांनी कमरेची पिशवी सोडली, हॉलतिकीट काढले आणि त्याच्या नाकासमोर धरले.

‘‘पालक न्हाय. मीच हाय.’’

शिपायाने फोटो पाहिला, चेहरा पाहिला. मागच्या मुली खिदळल्या. त्यांतली एक दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, ‘‘काकू, तुमचं आज आमच्यासंगट?’’ अक्का म्हणाल्या, ‘‘व्हय. आनि बघू नको माझ्या पेपरात, मला काय येत न्हाय.’’ सगळा घोळका हसत आत गेला. पांढरी-निळी साडी पांढऱ्या-निळ्या ओढण्यांत मिसळली, आणि मी बाहेर राहिले.

कडुनिंबाखाली पालक बसले होते. एका बाईंनी विचारले, ‘‘तुमचं कोण आहे आत?’’  मैत्रीण म्हणावे तर वय आडवे येते, शेजारीण म्हणावे तर शेजारणीसाठी कोणी रजा काढून उन्हात बसत नाही. ‘‘माझी एक विद्यार्थिनी,’’ मी म्हणाले, आणि ‘एक’ हा शब्द तोंडातून गेल्यावर मला त्याचे वजन जाणवले. तो वगळूनही वाक्य पूर्ण झाले असते.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या बोटांना शाई होती, आणि कपाळावरची भस्माची रेघ घामाने पुसली होती.

‘‘आलं समीकरण?’’

‘‘आलं. गंजाचंबी आलं, चुन्याचंबी आलं.’’

‘‘चुन्याचं कसं लिहिलंत?’’

त्या फाटकाकडे पाहू लागल्या.

‘‘अक्का! एक लिहिलात?’’

‘‘तिन्हीकडं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हात थांबंना की गं.’’

त्यानंतरचा उन्हाळा मला भगभगत्या चुन्यासारखाच आठवतो. सोलापूरचे ऊन दुपारी रस्ता रिकामा करते. गच्चीवर पाय ठेववत नसे. अक्का बालवाडीला सुटी असूनही गावी गेल्या नाहीत. निकालाआधी गेले की लोक विचारतात, म्हणाल्या. संध्याकाळी फरशीवर पाणी मारून आम्ही बसत असू. अभ्यास संपला होता, त्यामुळे बोलायला निमित्त उरले नव्हते, आणि तरी बोलणे चालू होते. त्या मला कानडी शिकवीत. मी आकड्यांच्या पुढे फारशी गेले नाही. मी मनातल्या मनात त्यांचे गुण मोजत असे. इथे अर्धा, तिथे एक. पेपर तपासणाऱ्या बाई असोत की सर, त्या तीन काठ्यांवर ते काय करतील? ती माणसेही संकेताने वाढलेली, माझ्यासारखीच.

पण खरे सांगायचे तर हिशेबाची आणखी एक बाजू होती आणि ती मी मांडत नव्हते. विज्ञान निघाले तर अक्काही निघणार होत्या. आम्ही मांडलेल्या समीकरणांतला बाण एकाच दिशेला होता. लोखंड गंजते, गंजाचे लोखंड आपोआप होत नाही. मी पहिल्या रविवारपासून जे शिकवत होते ते या गच्चीवरून जाण्याचे शिक्षण होते, हे मला ठाऊक होते, आणि ठाऊक असूनही मी ते चोख शिकवले. याचा मला आजही अभिमान आहे. तो अभिमान उबदार मात्र नाही.

निकालाच्या दिवशी फोनवर ते पान किती तरी वेळ उघडेना. अक्का पदराचे टोक बोटाला गुंडाळत, सोडत होत्या. पान उघडले तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

‘‘वाच.’’

‘‘पास.’’

‘‘किती?’’

‘‘काठावर,’’ मी म्हणाले.

‘‘काठावर म्हंजे अलीकडं का पलीकडं?’’

‘‘पलीकडं, अक्का. पलीकडं.’’

आमच्या उजनीकडे जे काही हिरवे आहे ते काठावरच आहे. काठाला कमी लेखायची पद्धत आमच्यात नाही. हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ऐकले की नाही, देव जाणे. त्या नळापाशी जाऊन तोंडावर पाणी मारत होत्या. पाण्याची वेळ नव्हती, तरी त्या दिवशी नळाला पाणी होते.

अक्का जूनमध्ये गावी गेल्या. दोन पिशव्या, एक वळकटी. त्यांचा छोटा कुकर मात्र माझ्या ओट्यावर ठेवून गेल्या. गावी भावाच्या घरी मोठा आहे म्हणाल्या. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी माझी हनुवटी धरली आणि कानडीत काहीतरी म्हणाल्या. मला त्यातला एकच शब्द कळला, आणि तो आकडा होता.

मी इथल्याच विद्यापीठात संशोधनाला लागले. लांब जायचे होते. जमले नाही, अजून जमवणार आहे. प्रयोगशाळा मोठी मिळाली, बाटल्यांवरच्या गावांच्या नावांऐवजी आता माझेच क्रमांक असतात. कुकर ओट्यावर होता. त्यात मी पेनांची रिफिले, रबरबँड आणि उरलेले चिमटे ठेवत आले. झाकण लावले की वरून नीटनेटका दिसे.

आज संध्याकाळी अक्कांचा फोन आला. मागे भांडी वाजत होती, कुठेतरी शेळी ओरडत होती.

‘‘काय करलालीस?’’

‘‘काही नाही. तुमची शाळा कशी आहे, बाई?’’ मी त्यांना आता मुद्दाम बाई म्हणते. त्यांना ते आवडते, आणि आवडते हे त्या कबूल करीत नाहीत.

‘‘सुगी चाललीया न्हवं. ज्वारी काढायला समदी मानसं रानात, पोरांस्नी संगट घेऊन जातात. आज एकच पोरगी आली. एवढीशी. नाक गळतंय, हातात पाटी.’’

‘‘मग सुटी दिलीत?’’

‘‘सुटी का म्हणून?’’ त्यांचा आवाज चढला. ‘‘हजेरी घेतली. एक लिवलं. गाणं म्हटलं, दोघीनी. मग खिचडी शिजवली, ताट मांडून वाढली.’’

‘‘एकटीसाठी?’’

त्यांनी आधी शेळीला हाकलले.

‘‘ए शीतले,’’ अक्का म्हणाल्या, ‘‘एकटी म्हंजे कुणी न्हाय, असं असतं व्हय? एक हाय की.’’ आणि मग, नेहमीच्याच सुरात, ‘‘तू काय खाल्लीस?’’

वडिलांना सांगते तसे ‘हो’ म्हणून मी वेळ मारून नेली नाही. ‘‘अजून काही नाही,’’ असे खरे ते सांगितले. त्यांनी फोन ठेवला. उपदेश करायचा नसेल तेव्हा त्या नुसता फोन ठेवतात.

शेजारच्या इमारतीतली मुलगी अजून घोकत होती. बाहेर रसवंतीचे घुंगरू थांबले होते. मी कुकरचे झाकण काढले, रिफिले आणि रबरबँड टेबलावर ओतले, चिमटे तारेला लावले, भांडे घासले. तांदळाचा डबा शोधावा लागला. वाटी भरून घेतली, काठोकाठ, आणि कुकरात ओतताना मोठ्याने मोजली.

‘‘ओंदु.’’

आवाज घोगरा आला नाही.